कोंडलेल्या खोलीतली अळंबी

गल्लीतल्या सगळ्यांच्याच त्या वहिनी. एकदा एखाद्या गोष्टीवर जीव जडला की तिला वाराही लागू द्यायच्या नाहीत. पोरं लहान होती तेव्हा त्यांना कानटोपीतून बाहेर पडायला मुभा नव्हती. पोरं नोकरीला दूर गेली आणि ती सगळी माया अळंबीच्या वाट्याला आली.

मागची खोली त्यांना मिळाली ती सासूबाईंच्या अटीवर. "एक पीक बघू. जमलं तर खोली तुझी. नाहीतर माझ्या लेकीची कपाटं येतील तिथं. तिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही."

वहिनींनी गव्हाचं काड कढत पाण्यात भिजवलं, निथळलं, आणि एक थर काडाचा, एक बियाण्याचा असं करत पिशव्या दाबून भरल्या. भोकं पाडून मांडणीवर ठेवल्या. बियाणं विकणारे काका म्हणाले होते, "पिशव्या पांढऱ्या होईपर्यंत अंधार आणि दार बंद. मग मोकळी हवा." पहिलं वाक्य वहिनींनी मनावर कोरून घेतलं. दुसरं कानावरून गेलं.

सकाळची प्रार्थना आटोपली की त्या हळूच आत डोकवायच्या. काडातून कापसासारखे धागे पसरत होते. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. या धाग्यांचं उलटंच. ते आपला रस काडावर सोडतात, काड बाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. तोंड नाही, पोट नाही, तरी जेवण चालूच! देवाच्या घरी किती तऱ्हा, असं म्हणून वहिनी हात जोडायच्या आणि दाराच्या फटीत चिंधी आणखी घट्ट कोंबायच्या.

पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, भोकांतून कोंब डोकावले, तरी चिंधी काही निघाली नाही. कोंब वाढले, पण कसे? देठ बोटभर लांब आणि टोपी मसुराच्या डाळीएवढी. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खिडकीवर आणखी एक चादर टांगली.

अशात सासूबाई मोजपट्टी घेऊन खोलीत आल्या, कपाटं बसतील का ते बघायला.

"अगं बाई, ही अळंबी आहे की खिळे?"

"आई, आधी दार लावा! वारा लागेल त्यांना."

"वारा? इथं माझा जीव घाबरा झालाय!" म्हणत सासूबाईंनी चादर ओढली आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. वहिनी धावल्या, तर सासूबाई खिडकीला पाठ लावून उभ्या. "माझं मोजून होईपर्यंत ही उघडीच राहील."

वहिनींनी रडकुंडीला येऊन काकांना फोन लावला. "काका, सासूबाईंनी खिडकी उघडली हो!"

"मग अजून बंद होती?" काका हसायलाच लागले. "ताई, ती झाडं नव्हेत. आपल्यासारखाच श्वास घेतात. सोडलेली हवा खोलीतच कोंडली की देठ नुसते ताणत जातात, टोपी धरतच नाही. लाड जास्त केलेत तुम्ही त्यांचे."

वहिनींनी फोन ठेवला. मग स्वतःच्या हातांनी चिंध्या उपसल्या.

"आई, मोजमाप थोडे दिवस थांबवाल?"

"थांबवते. पण खिडकीवर पुन्हा चादर टांगलीस तर बघ."

लांबोडके देठ वहिनींनी खुडून टाकले. आता सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडायची, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, आणि बाहेर यायचं. बाहेर येणं तेवढं जड जायचं. आठवडा व्हायच्या आत नवे कोंब आले, आणि या खेपेला आखूड देठांवर राखाडी टोप्या पसरल्या, तळहाताएवढ्या, एकमेकींना खेटून.

वहिनींचे यजमान टोपली धरायला आले. "आई आत गेली आणि पीक आलं. रोज पाठवत जा तिला."

"तू गप रे," सासूबाई म्हणाल्या, पण टोपलीवरची नजर काही हटेना. "संपलं का गं आता हे?"

"नाही आई. आतले धागे जिवंत आहेत. पाणी मारत राहिलं की पुन्हा येतील."

सासूबाई नुसतं "हं" म्हणाल्या. संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात अळंबी चिरत होत्या, तेव्हा बाहेरून सासूबाईंचा फोनवरचा आवाज आला.

"नाही गं, खोली रिकामी नाही... कोण म्हणजे? तुझी वहिनी आणि तिची अळंबी. कपाटं विकून टाक. त्यातल्या अर्ध्या साड्या तू नेसत नाहीसच."

वहिनींनी हसू दाबलं, मनोमन देवाचे आभार मानले आणि सासूबाईंच्या वाटणीची अळंबी जरा जास्तच चिरली.