मोठेच घ्या, मी म्हणाले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बहिणीला नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडतानाही कधी नीट शब्दांत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. ओळखीचं माणूस मध्येच "जाऊ द्या हो, झालं ते झालं" म्हणतं. ते मला नको आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. माहेर संगमनेरकडचं. लग्न होऊन लखनौला आले ती इथलीच झाले. आमच्या ह्यांची नोकरी अमौसीच्या विमानतळावर, विमानांची इंजिनं दुरुस्त करण्याची. राहायला आलमबागेत भाड्याच्या दोन खोल्या. इथल्या मराठी मंडळात बहुतेक बायका शास्त्रज्ञांच्या नाहीतर प्रोफेसरांच्या. त्यांच्यात मी चौथी पास, तरी मला कुणी टाकून बोलत नसे, कारण माझं तोंड. पुरणपोळी वातड झाली असेल तर मी वातड म्हणायचे, मग ती कुणाचीही असो. घरमालकाशी वाद झाला, दूधवाल्याशी झाला, की हे माझ्याकडे बोट दाखवायचे. "हिला विचारा. ही खोटं बोलत नाही."

आणि मी बोलतही नव्हते. म्हणून तर — पण थांबा, आधी स्पीकरचं सांगते.

ह्यांना गाण्याचा नाद होता. घरात पंखा एकच, पण रेकॉर्ड प्लेअर होता. आणि कान असा, की विमान धावपट्टीवरून वळून येता येता हे सांगायचे, डाव्या इंजिनात काहीतरी घासतंय. उघडून पाहिलं की तिथेच निघायचं. हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त होतात त्या मोठ्या शेडमध्ये, त्यांची वट होती ती त्या कानांमुळे. काही जण कानांत कापूस घालून काम करायचे, त्यांची हे टिंगल करायचे. "कापूस घातला तर इंजिन काय म्हणतंय ते कळणार कसं?" म्हणायचे. सगळेच तसे होते तिथे. उघड्या कानांनी इंजिनाशेजारी उभं राहायचं, यातच त्यांची शान.

इमर्जन्सी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. शैला, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा नववीत. लाटूश रोडवर बब्बन भाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ह्यांची त्यांच्याशी दोस्ती. एका रविवारी दुपारी बब्बन भाई हातगाडीवर स्पीकरच्या दोन जोड्या घालून आमच्या दारात हजर. एक जोडी मोठी. माझ्या कमरेएवढी सागवानी खोकी, पुढे जुनं कापड. चारबागजवळचं एक अँग्लो-इंडियन कुटुंब देश सोडून गेलं, त्यांच्या घरातली. ती कधी कुणी उघडलेलीही नव्हती. दुसरी जोडी लहान, पिठाच्या डब्याएवढी. तीही जुनीच, पण बब्बन भाईंनी ती आतून नवी केली होती. नवा कागद, नवी तार, आणि बारीक आवाजासाठी वरती जो छोटा भोंगा असतो, ज्याला ट्वीटर म्हणतात, तोही नवा.

"बड़े वाले जैसे कंपनी ने दिए, वैसे के वैसे हैं," बब्बन भाई म्हणाले. "और छोटे, समझ लीजिए, बब्बन ने दिए हैं. भाभीजी, आप तो छोटे ही लेंगी. बड़े आ गए तो शिंदे साहब को बाहर सोना पड़ेगा."

"सोने दीजिए," मी म्हणाले. "खर्राटे भी तो बड़े हैं."

सगळे हसले. हेही हसले. ते हसणं मला अजून आठवतं — का? कदाचित त्यानंतर त्या खोलीत मी तशी हसले नाही म्हणून.

भजनाची एक रेकॉर्ड लावली. आधी मोठ्यांवर. आवाज भरदार, तबल्याचा डग्गा नुसता छातीत वाजत होता. मग तीच बाजू लहानांवर. आणि मला — कसं सांगू? — गाणारीचा श्वास ऐकू आला. ओळ उचलायच्या आधी तिने घेतलेला श्वास. आणि मागे कुणीतरी मंजिरा, म्हणजे छोटे टाळ, वाजवत होतं. मोठ्यांवर तो जणू शेजारच्या घरात वाजत होता, आता माझ्या पुढ्यात वाजत होता. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण ते ऐकू आलं. शैलाला आलं. रस्त्यावरून आलेल्या हातगाडीवाल्यालाही आलं, त्याने मान डोलावली.

"ह्यांचा आवाज पातळ आहे," हे म्हणाले. "इनमें खास क्या है, बब्बन?"

"अरे साहब, मंजीरा सुनिए! मंजीरा!"

"कहाँ है मंजीरा?"

बब्बन भाईंना वाटलं, चेष्टा करतायत. शैलालाही तेच वाटलं. "बाबा, कान साफ कर लो," म्हणाली ती हसत. तिचं घरातलं सगळं हिंदीच.

ह्यांनी चेष्टा केली नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, मला माहीत होतं. पुढे वाकून, डोळे बारीक करून ते तो मंजिरा शोधत होते. अंधारात माणूस चप्पल शोधतं तसं.

आणि मला आधीची एकेक गोष्ट आठवली. अंगणातल्या चिमण्या कुठे गेल्या, असं ते मला विचारत, आणि चिमण्या समोर पेरूवर किलबिलत असत. घड्याळाचा गजर वाजून वाजून बंद पडे, हे झोपलेलेच. शैलाचा आवाज बारीक. ती काही बोलली की हे म्हणायचे, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. मी ते सगळं पाहिलं होतं आणि बाजूला सारलं होतं. त्या दुपारी ते सारता येईना.

तेवढ्यात हे माझ्याकडे वळले. "तू सांग," म्हणाले. "आहे का मंजिरा?"

एक "हो" पुरला असता. इतर वेळी मी तोंडावर काय काय बोलले होते! लोकांच्या पोळ्या, लोकांच्या सुना, लोकांचे नवरे. पण ज्या माणसाची रोजीरोटी कानांवर, त्याला मी सांगू की तुमचे कान चालले? ते सरळ जाऊन कानांची तपासणी करून घेणार — तसेच होते ते. मग हँगर सुटणार, स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसवणार. कदाचित बदली. कदाचित त्याहून वाईट. हे सगळं मनात यायला कितीसा वेळ लागतो?

"मला नाही ऐकू येत," मी म्हणाले. "मोठेच घ्या."

"आई, क्या बोल रही हो?" शैला म्हणाली.

"तू चहाचं आधण ठेव जा," मी म्हणाले. ती गेली. बब्बन भाईंनी लहान जोडी गुंडाळून परत गाडीवर चढवली. हे खुश झाले. "देखा, बब्बन?" म्हणाले, "इसके कान को पता चल गया." मोठी खोकी खोलीत आली आणि माझं शिवणाचं मशीन व्हरांड्यात गेलं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरलीस, बाई. एका क्षणात माणूस घाबरतं. बरोबर आहे. हे एवढंच असतं तर मी तुमच्यापुढे बसले नसते.

पुढची काही वर्षं रेकॉर्डचा आवाज थोडा थोडा वाढत गेला. शेजारच्या मिश्रा भाभी भिंतीवर थापी मारायच्या. शैला बापाशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, काही नाही. दर वाक्य तीनदा म्हणायचा कंटाळा आला पोरीला. "तुम ही बता देना बाबा को," म्हणायची. मग बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत व्हायला लागलं. आणि मी रोज त्यांच्या डब्याबरोबर त्यांना त्याच इंजिनांपाशी पाठवत राहिले. कापूस घाला, एवढं तरी म्हणायचं की नाही? नाही म्हणाले. का घालू, म्हणून त्यांनी विचारलं असतं.

मग एक दिवस हे म्हणाले, स्पीकर मंदावले. ट्वीटर गेला असणार. बब्बन भाईंनी येऊन ट्वीटर बदलला. हे म्हणाले, तसंच आहे. बब्बन भाई पुन्हा आले. पुन्हा खोकी उघडली, तारा पाहिल्या, रेकॉर्ड लावली, स्वतः कान लावून ऐकली. मग स्क्रू पिळून झाल्यावर खाली बघत म्हणाले, "साहब, स्पीकर एकदम दुरुस्त है. बुरा मत मानिएगा — एक बार कान किसी डॉक्टर को दिखा दीजिए."

खोलीत तेव्हा आम्ही तिघंच होतो. ह्यांचा चेहरा उतरला. राग नाही आला त्यांना, आधी भीतीच वाटली. मला दिसलं ते. म्हणजे त्यांना स्वतःलाही संशय होता. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं. ही खोटं बोलत नाही.

आता घाबरण्यासारखं काय होतं? विचार करायला मला वर्षं मिळाली होती. पण जानकीपुरमला प्लॉटची सोडत निघाली होती आणि आमचं नाव लागलं होतं. मला स्वतःचं घर हवं होतं. भाड्याच्या खोल्यांचा वीट आला होता, मिश्रा भाभीच्या थापीचा वीट आला होता. हँगरची नोकरी, तिथला ओव्हरटाइम आणखी थोडी वर्षं चालला असता तर भिंती उभ्या राहिल्या असत्या. पहिल्यांदा मी भ्याले होते. ह्या वेळी मी हिशेब केला.

मी बब्बन भाईंना म्हणाले — त्यांनाच ऐकवायचं म्हणून हिंदीत, आणि ह्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने — "ग्राहक को बहरा बताकर अपना ऐब मत छुपाइए. आवाज खराब है, मुझे भी सुनाई दे रहा है."

ह्या माणसाने आमच्या घरी ईदची शेवई आणली होती, शैलाचा रेडिओ फुकट दुरुस्त केला होता. "भाभीजी," बब्बन भाई म्हणाले. पिशवीत पक्कड, पेचकस टाकले. ह्यांना आता राग चढला होता. चोर म्हणाले त्यांना, लुटारू म्हणाले, दारापर्यंत ओरडत गेले. बब्बन भाई पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. मी लाटूश रोडने जायची वेळ आली तर रिक्षा दुसऱ्या बाजूने घ्यायला सांगायचे.

पुढे जे व्हायचं ते झालंच. हँगरमध्ये मागून सामानाचा ट्रॅक्टर येत होता, लोक ओरडत होते, ह्यांना पत्ता नाही. खांद्याला धडकून गेला. हाड जुळलं, पण तपासणी झाली. कानांच्या डॉक्टरांनी विचारलं, "घर में किसी ने ध्यान नहीं दिया? पहले शोर से हट जाते तो जितना बचा था, उतना बच जाता." मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ह्यांना प्रश्न कळला नाही, मी कानाशी जाऊन मराठीत ओरडून सांगितला. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं नाही सांगितलं — फक्त पहिला प्रश्न. तेव्हा हे डॉक्टरांना म्हणाले, "इसको भी कुछ नहीं लगा, साहब. लगता तो बोल देती. ये झूठ नहीं बोलती."

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. पगार चालू राहिला. बदली झाली नाही. जानकीपुरमचं घर दोन वर्षं उशिरा, पण झालं. ज्याला मी एवढी भ्याले ते घडलं, आणि आम्ही दोन वेळा जेवत होतो.

नव्या घरात ती मोठी खोकी पुढच्या खोलीत ठेवली. तोवर ह्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. शैलाला मुलगी झाली. तिचं बोबडं बोलणं ह्यांनी तिच्या ओठांवर पाहिलं फक्त. पण दुपारी ते रेकॉर्ड लावायचे. खुर्ची ओढून बसायचे आणि खोक्याच्या कापडावर तळहात ठेवायचे. डग्गा वाजला की हाताला कळायचं. चेहरा खुलायचा. एकदा मी भाजी निवडत होते, तर माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले — बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही — "तू मोठेच घ्यायला लावलेस ते फार बरं झालं. लहान घेतले असते तर हातालासुद्धा काही लागलं नसतं."

मी मान हलवली. भाजी निवडली.

आता शेवटचं. हे कुणाला सांगितलं नाही, असं सुरुवातीला म्हणाले ते पूर्ण खरं नाही. एकदा बोलले आहे. ते असेच स्पीकरला हात लावून बसले होते, माझ्याकडे पाठ. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि सगळं म्हणून टाकलं. मंजिरा मला ऐकू आला होता, हे म्हणाले. प्लॉटचं म्हणाले. बब्बन भाई खरं बोलत होते, हेही. नेहमीच्या आवाजात, थांबत थांबत. त्यांना ऐकू जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच बोलले.

रेकॉर्ड संपली. सुई उचलायला ते उठले, तेव्हा मी त्यांना दारात दिसले. माझे ओठ हलताना दिसले असतील.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी जवळ गेले, कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "चहा टाकते, म्हणाले."

आणि चहा टाकला.