गाठीची वायर प्लसला

दादाचे किस्से स्क्रूसारखे आहेत. एक शोधायला डब्यात हात घालावा, तर मूठभर बाहेर येतात. काल्हेरच्या गोदामातून ड्युटी संपवून येताना ट्रकने त्याला उडवलं, तेव्हापासून मला घरात बसवत नाही. मी सलीमभाईच्या टेपरेकॉर्डर रिपेअरच्या दुकानात जाऊन बसतो. तिथेही बसवत नाही! तिथे दादाचं शेवटचं काम पडलंय. टेमघरच्या आमच्या भीमजयंतीच्या स्टेजसाठी फिरणारं धम्मचक्र. थर्माकोलचं चाक झालंय, मोटर बसवलीय, वायरी सोल्डर केल्यात. यंदा ते फिरलंच पाहिजे.

* * *

एकदा दादाने टेपच्या मोटरला पत्र्याची पाती लावून टेबलफॅन केला. मी समोर बसलो. वारा येईना, पण फॅनच्या मागे भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं!

"दादा, तुझा फॅन उलटा आहे."

"फॅन बरोबर आहे. तू चुकीच्या बाजूला बसलायस!"

भाकरी थापता थापता आई इतकी हसली, की भाकरी फाटली.

* * *

मला दम कधीच नव्हता. सहा व्होल्टची मोटर मी सरळ घरच्या प्लगमध्ये खुपसली. फट् झालं आणि धूर!

सलीमभाई म्हणाले, "छोटे, मोटर बनाया के अगरबत्ती?"

दादाने वास घेतला. "सुगंध काही बरा नाही. दुसरी आण."

* * *

लाइट गेली की कापडाचे लूम बंद पडतात आणि आमची गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटते. अशाच एका दुपारी दादाची मोटर सेलवर घूंऽऽ करत होती. शेजारचा लूमवाला दारातून ओरडला, "अख्खी भिवंडी बंद, और इसकी मिल चालू!"

* * *

दादाच्या सगळ्या वायरी भंगारातल्या, काळ्याच. म्हणून प्लसच्या वायरीला तो गाठ मारायचा.

सलीमभाई विचारायचे, "ये तार है या मन्नत का धागा?"

"दोन्ही," दादा म्हणायचा.

* * *

जयंतीच्या संध्याकाळी चक्र स्टेजच्या कडेला उभं केलं. आई पहिल्या खुर्चीत. मी गाठीची वायर सेलच्या प्लसला लावली, दुसरी मायनसला. चक्र फिरलं!

पण उलटं.

मंडळातली पोरं ओरडली, "अरे, उलटं फिरतंय!" सलीमभाई जवळ आले, हळूच म्हणाले, "कुछ नहीं बेटा, तार अदल-बदल कर दे."

"गाठीची वायर मायनसला लावू? दादाची गाठ खोटी पाडू?" मी ओरडलोच. "हात नाही लावायचा कोणी!"

चक्र आपलं उलटं फिरतंय.

आई उठली. खुर्ची उचलली, चक्राला वळसा घालून मागच्या बाजूला नेऊन ठेवली आणि पदर सावरून बसली.

"आता बरोबर हाय," ती म्हणाली. "या सगळे इकडं."