वहिनीसाठी उंच केलेली जीप

आमच्या गावापासून डांबरी सडकेपर्यंत जी वाट होती तिला रस्ता म्हणायचे ते फक्त निवडणुकीच्या भाषणात. एरवी ती गाडीवाट. दोन कोस निव्वळ काळी माती, बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध लांबवर गेलेला उंचवटा. उन्हाळ्यात तो उंचवटा विटेसारखा टणक व्हायचा आणि पावसाळ्यात चिकट. जीपची चाकं चाकोरीत उतरली की जीपचं पोट त्याच्यावर टेकायचं, चाकं जागच्या जागी फिरायची आणि मग बैल आणायला कुणीतरी गावाकडे पळायचं.

जीप माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप कुणीतरी घेतली, तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, आणि तीन-चार हातांतून ती दादाकडे आली. मंठ्याच्या बाजाराला तो सीटा भरून न्यायचा. पावसाळा लागला की जीप गोठ्याशेजारी उभी राहायची आणि कोंबड्या तिच्यावर बसायच्या. दरसालचं ते ठरलेलंच होतं. पण एका साली तसं करून चालणार नव्हतं.

नव्वदनंतरची गोष्ट आहे. वहिनीच्या छातीतली गाठ आदल्या वर्षी औरंगाबादला काढली होती. पाडव्याच्या सुमारास तिचा खुबा दुखायला लागला, आणि तपासण्या झाल्यावर कळलं की दुखणं हाडात उतरलंय. बरं होणार नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं. पण एक औषध दर तीन आठवड्यांनी जालन्याच्या दवाखान्यात सलाईनमधून द्यायचं होतं. ते वेळच्या वेळी गेलं तर काही काळ आवरून धरेल. एकही डोस चुकू देऊ नका, तुमच्या हातात तेवढंच आहे, असं ते म्हणाले. दादानं बाकीचं सगळं सोडलं आणि हे एक वाक्य धरलं.

मी म्हटलं, जालन्यात चार महिने एक खोली करू. वहिनी म्हणाली, सुई कितीही टोचा, पण दिवेलागणीला मला माझ्या घरात आणून सोडा. मी चिडलो, आवाज चढवला. आमच्या घरात माझं कधी कुणी ऐकलेलं नाही. त्या दिवशीही ऐकलं नाही.

पाऊस लागल्यावरच्या पहिल्याच खेपेला जीप रुतली आणि वहिनीला बैलगाडीत घालावं लागलं. बैलगाडीला स्प्रिंग नसते. प्रत्येक ढेकूळ सरळ हाडात जातं. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि सडक येईपर्यंत काढला नाही. दादा गाडीच्या बाजूनं चिखल तुडवत चालला होता आणि चाक चढायला लागलं की हातानं दाबून धरत होता. हातानं चाक धरून काय होणार होतं? पण तो धरत होता. सडकेवर आल्यावर तो मला म्हणाला की आता तिला पुन्हा बैलगाडीत बसवायचं नाही, जीपच उंच करायची.

मंठ्याला एक म्हातारा मिस्तरी होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. जीप उंच करायच्या किती तरी तऱ्हा आहेत हे मला तिथं कळलं. जीपचा सगळा भार चार कमानींवर, म्हणजे स्प्रिंगांवर असतो. एकेका कमानीत लोखंडी पाटे एकावर एक बसवलेले. वरून एखादा जास्तीचा पाटा घालता येतो. जुने पाटे भट्टीत तापवून, ठोकून त्यांचा बाक वाढवता येतो. पाट्याच्या टोकाची कडी लांब लावता येते. खाली लोखंडी गुटका, म्हणजे ठोकळा देता येतो. उस्तादच्या दुकानासमोर चहा पिणाऱ्या प्रत्येकाचं यावर मत होतं. माझंही होतं.

दादाला उंचीही हवी होती आणि मऊपणाही. उस्तादनं त्याला चार वेळा समजावलं.

"उंच पाह्यजे तं कडक होणार. नरम पाह्यजे तं बसणार. दोन्ही कसं व्हईल, पाटील?"

"दोन्हीच पाह्यजे," दादा म्हणाला. "माणूस आजारी हे."

शेवटी पाट्यांचा बाक वाढवायचा आणि एकेका कमानीत ट्रकचा एक पाटा कापून वर जोडायचा, असं ठरलं. काम झाल्यावर दादानं मडगार्डाजवळ हात लावून मोजलं. वीतभराला थोडी कमी, एवढी जीप वर गेली होती. नारळ फोडला. गावात आलो तेव्हा पारावरची माणसं उठून बघायला आली. मी म्हटलं, आता हिच्यात चढायला शिडी लागणार. बोललो थट्टेनं, पण खरं निघालं. वहिनीला पाय उचलून आत टाकता येईना. मग दादाच तिला दोन्ही हातांवर घेऊन बसवायचा आणि तसाच उतरवायचा. सासऱ्यासमोर, म्हणजे आमच्या बाबांसमोर, नवऱ्यानं उचललेलं तिला फार लाजिरवाणं वाटायचं. ती तोंड फिरवून घ्यायची.

पुढच्या डोसाच्या दिवशी सकाळी निघालो आणि त्याच जागी, त्याच उंचवट्यावर रुतलो.

दादा चिखलात आडवा होऊन खाली सरकला. मी वाकून बघितलं तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो आख असतो, त्याच्या मध्यावर लोखंडाचा मोठा गोळा असतो. सगळ्यात खाली तोच लोंबतो आणि तोच उंचवट्यावर टेकतो. पाटे त्या आखाच्या वर बसतात. पाटे वाढवून आम्ही जीपचं धूड वर नेलं होतं. गोळा होता तिथंच होता. बैलगाडीचं चाक पुरुषाच्या छातीला लागणारं आणि आख त्या चाकाच्या मधोमध, मांडीच्या उंचीला. आख मातीला घासतो हे आमच्या गावात जन्मून कुणाच्या डोक्यात कसं यावं? नारळ फोडला तेव्हा सगळं गाव तिथं होतं. सगळ्यांनी मडगार्डच मोजलं. उस्तादही डांबरी सडकेवरचा. आमची वाट त्यानं कधी पाहिली नव्हती.

तो डोस हुकला. वहिनी बैलगाडीतही जायला तयार होती, पण दादा तयार नव्हता. वाट जरा वाळल्यावर गेलो तेव्हा डॉक्टरांनी तारीख बघितली आणि सलाईन लावायला सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

गोळा वर न्यायचा तर चाकंच मोठी पाहिजेत. दादानं जालन्याच्या भंगारवाल्याकडून मिलिटरी गाडीचे जाड खाचांचे टायर आणले. मूळच्या जीपमध्ये ते मडगार्डला घासले असते, पण आता जीप उंच केलेली होती, म्हणून बसले. मग दादा सगळ्यांना सांगत सुटला की आधी उंची, मग टायर, असंच ठरलं होतं. मी त्याला सांगू दिलं. श्रावणात आम्ही त्या उंचवट्यावरून न थांबता पार झालो. मला वाटलं, चला, जिंकलो.

वळून पाहिलं तर वहिनीच्या तोंडात पदराचा बोळा होता. ट्रकच्या पाट्यांना तिचं वजन कळतच नव्हतं. दगडावरून चाक गेलं की जीप सबंध उडायची आणि सबंध आपटायची. चिखलातून ती आता निघत होती, पण आतून बैलगाडीच झाली होती.

तिथून दादानं जे आरंभलं त्याला गाव खूळ म्हणायचं. पितळेची घागर काठोकाठ भरून, चुंबळीवर ठेवून, वहिनीच्या जागेवर बसवायची आणि वेशीपर्यंत जाऊन यायचं. आल्यावर सीट किती भिजली ते बघायचं. एक पाटा काढायचा, पुन्हा घागर. पाट्यांच्या मधे ग्रीस भरायचं, पुन्हा घागर. रबरी बुश बदलले. कुठूनतरी मोटारीचे धक्के झेलणारे शॉकप आणून लावले. वाळूची पोती टाकून बघितली. जीप मऊ झाली आणि तेवढीच खाली बसली. पाटा काढला की टायर घासायचे, म्हणून छिन्नीनं मडगार्डच कापून टाकलं. पोळ्यापर्यंत घागरीतलं पाणी फक्त गळ्याइतकं उतरायचं. बायका विचारायच्या की आज घागरीला कुठं नेलंतं म्हणून, आणि दादा त्यांना खरंखरं उत्तर द्यायचा.

डोस आता वेळेवर होत होते. परतताना तो दर वेळी विचारायचा की लागलं का, आणि वहिनी दर वेळी न्हाई म्हणायची. पदराचा बोळा मात्र ओला असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पुन्हा जीपखाली.

एकदा माझं डोकं फिरलं. मी त्याला पाय धरून बाहेर ओढलं आणि म्हटलं की धक्का पाट्यात नाही, तिच्या हाडात आहे, तू जन्मभर पाटे काढले-घातले तरी तो जायचा नाही. त्यानं पान्हा खाली ठेवला नाही.

"मला जे येतं ते मी करून राह्यलो," तो म्हणाला. "तुला दुसरं काही येत असंल तं सांग."

मला काही येत नव्हतं. मी घरात निघून गेलो. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून त्याचा राग यायचा बंद झाला, आणि रागाच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं.

दसरा झाला, वाट वाळली. वहिनी काही दिवस म्हणत होती की पाय जड झालेत, मुंग्या येतात. आम्हाला वाटलं औषधाचा शीण असेल. तशीही आता ती फार उठत नव्हती. उचलूनच इकडची तिकडे करायचो. जालन्याला डॉक्टरांनी तिच्या तळव्याला सुई टोचली. ती छताकडे बघत होती, तशीच बघत राहिली. मग डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं, कारण दादा फाटकापाशी जीपखाली होता. दुखणं पाठीच्या कण्यात गेलंय, म्हणाले. नस दबली आहे. कमरेखालची संवेदना गेली, ती परत येणार नाही. मी औरंगाबादचं विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. औषध आता थांबवू, घरी न्या, एवढंच ते म्हणाले.

मी फाटकापाशी गेलो. दादा हात पुसत होता. मागच्या डाव्या कमानीत काहीतरी बराबर बसत नव्हतं, ते आज सापडलं, असं त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, घरी चल, घरी गेल्यावर बोलू.

गाडीवाटेला लागलो. वाळलेल्या चाकोऱ्या पावसाळ्याहून वाईट असतात. दादा बैलाच्या चालीनं जीप चालवत होता. ओढ्याच्या उतारावर चाक दगडावरून खाली उतरलं, मी दांडी घट्ट धरली आणि सवयीनं मागे पाहिलं. वहिनीचा पदर खांद्यावर होता. ती बाहेर तुरीकडे बघत होती.

"आज बिलकुल धक्का लागला न्हाई," ती म्हणाली. "जमलं बघा तुमाला."

या वेळी ती खरं बोलत होती, आणि ते दादाला कळलं. त्यानं ओढ्यातच जीप थांबवली. मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि हसला. उन्हाळ्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग मला म्हणाला की आता या पाट्यांना कुणी हात लावायचा नाही, आहेत तस्से राहू द्यायचे. मी बरं म्हणालो. उरलेली वाट तो मधून मधून बोलत होता, उस्तादला सांगितलं पाहिजे असं काहीतरी.

घरासमोर त्यानं नेहमीसारखं तिला दोन्ही हातांवर उचलून बाहेर घेतलं. वाटेत धक्का लागला नव्हता, म्हणून त्याला वाटलं असेल की आज ती दोन पावलं चालेल. त्यानं तिला काखेत धरून अलगद उभं केलं. मी दुसऱ्या बाजूला होतो. अंगणात बाबा होते, शेजारची एक-दोन माणसं होती. वहिनीनं तोंड फिरवून घेतलं.

"उतरवा की आता खाली," ती हळूच म्हणाली. "समदे बघून राह्यले."

दादानं खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते.