धुराडं निखळलं त्या दिवशी

लग्नानंतरचा माझा पहिला उन्हाळा. वडवणीजवळच्या आमच्या गावात दुपारी जोराचं वावधान सुटलं आणि स्वयंपाकघरावरचा एक पत्रा उचकटला. खालून तो जागेवर दिसत होता, म्हणून आम्ही सोडून दिलं. चुलीचं धुराडं त्याच पत्र्यातून वर जात होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेच्या सासरची माणसं जेवायला यायची होती. गॅस होता, पण पुरण चुलीवरच शिजवायचं, हा सासूबाईंचा हट्ट. जाळ धरला आणि धूर वर जायचा सोडून आमच्याच अंगावर आला.

"फुंक, फुंक!" सासूबाई ओरडल्या.

मी फुंकलं, तर धूर दुप्पट. त्या मला दिसेनात, मी त्यांना. पळी शोधता शोधता माझ्या हातात त्यांचा अंबाडा आला.

"कोन हाय गं?"

"मीच हाय, आत्या!"

लग्न झाल्यापासून मी त्यांना वचकून होते. त्या धुरात आम्ही दोघी डोळे चोळत, खोकत, खदखदून हसत सुटलो.

पत्र्याच्या फटीतून धूर निघताना बघून शेजारच्या काकांना वाटलं, घर पेटलं. ते शिडी लावून चढले आणि कळशीभर पाणी आत ओतलं. थोडं चुलीत, बाकी सगळं माझ्या डोक्यावर.

"इझली का?" वरून आवाज.

"चूल इझली, काका! घर पेटलंच न्हाई!"

सासूबाई पोट धरून खालीच बसल्या.

फोन केल्यावर तासाभरात पत्र्याचं काम करणारे चाचा आले. वर बघून म्हणाले, "मावशी, पत्रा उचकटला तवा त्यानं धुराड्याची नळी ओढली. मधला सांधा सुटलाय. धूर वर जाणार कसा? पाऊस आला असता तर पाणी बी चुलीतच." त्यांनी पत्रा हुकांनी आवळला, सांधा बसवला, नळीभोवती पत्र्याची पट्टी मारून डांबर लावलं.

तोवर पाहुणे आले. आम्ही पुन्हा चूल पेटवली. अंगणात सगळे माना वर करून उभे. धुराड्यातून धूर निघाला तसा नणंदेच्या सासऱ्यांनी शिट्टीच मारली!

जेवायला दुपार टळली. सासूबाईंनी चाचांना आणि काकांनाही पंगतीत बसवलं. काका नको नको म्हणत होते, तरी त्यांच्या ताटात पोळी पडतच राहिली.

"खावा," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनंला लई दिवसानं कुनीतरी न्हाऊ घातलं."