सोनेरी सेल

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या बुटक्या, गोलमटोल माणसाला सगळे बॉबिन म्हणत. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण रेडिओ क्लबात त्याचा मान मोठा होता. हौशी रेडिओवाल्यांचा हा क्लब म्हणजे सतरा-अठरा माणसं. परीक्षा देऊन लायसन्स मिळवायचं, गच्चीवर ॲन्टेना उभारायचा आणि कुठल्या कुठल्या माणसांशी हवेतून गप्पा मारायच्या, हा त्यांचा उद्योग. घरच्यांच्या मते बिनकामाचा. या सगळ्यांचे गुरू म्हणजे सर. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले, आवाज मात्र अजून वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

बॉबिनला वडील लवकर गेले होते आणि सरांना मूलबाळ नव्हतं. बावीस वर्षांत दोघांपैकी कुणी हे बोलून दाखवलं नाही. पण दर गुरुवारी दुकान लवकर बंद करून बॉबिन सरांकडे जायचा. नळ गळत असेल तर वायसर बदलायचा, खिडकीची कडी सरळ करायचा, मग दोघं एखादा जुना रेडिओ सेट उघडून त्याच्यात डोकं घालून बसायचे. सरांच्या हातातल्या छोट्या सेटला त्यानं स्वतःच्या मशीनवर चामड्याचं कव्हर शिवून दिलं होतं. पुढेमागे तो सेट आपल्याकडेच येणार, हे त्यानं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. सरांना विचारायची गरज त्याला वाटली नाही.

आणि मग डॉक्टरीण आली.

दातांची डॉक्टर, चाळिशीची, बोलायला मोकळी. दवाखाना बॉबिनच्या दुकानापासून चार दुकानं सोडून. लायसन्सची परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली. बॉबिन तिसऱ्या खेपेला झाला होता, तेही सरांनी महिनाभर कान पिळल्यावर. पेढे वाटावेत तशा उत्साहानं सर ही बातमी रेडिओवरून सगळ्यांना सांगत सुटले. पुढच्या गुरुवारी बॉबिन गेला, तर त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर डॉक्टरीण बसलेली. "अरे, स्टूल ओढ की," सर म्हणाले. त्यानं स्टूल ओढलं. त्या दिवशी त्याला नळाचा वायसरही नीट बसवता आला नाही.

महिन्याभरात सरांनी तो सेट तिला देऊन टाकला. कव्हरसकट.

बॉबिनच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन त्यानं जेवताना चार वेळा तेच सांगितलं. बायकोनं पाचव्या वेळेला हात जोडले. "तुम्हाला अगदी सवत आल्यासारखं झालंय हो," ती म्हणाली. "सरांना सांगू का, दोघांना एकेक दिवस वाटून द्या म्हणून?" बॉबिन ताटावरून उठला. तिनं हसणं काही थांबवलं नाही.

पण अजून एक गोष्ट त्याच्या हातात होती. दरवर्षी शहरात सायकलींची मोठी शर्यत व्हायची. रस्ता डोंगराला वळसा घालून मागच्या बाजूला जायचा. तिथे मोबाईल चालत नसे आणि मधल्या डोंगरामुळे हातातल्या सेटचा आवाजही अलीकडे पोचत नसे. म्हणून क्लबाचं एक माणूस डोंगरमाथ्यावर बसायचं. पलीकडचं ऐकायचं आणि अलीकडे सुरुवातीच्या मंडपात बसलेल्या सरांना सांगायचं. सगळ्या शर्यतीचा कान आणि तोंड ते एकच माणूस. अकरा वर्षं ते माणूस बॉबिन होता. त्या एका दिवशी सर दर पाच मिनिटांनी त्यालाच हाक मारत, आणि ती हाक अख्खा क्लब ऐकत असे.

यंदाच्या बैठकीत सरांनी कागद वाचला: "डोंगरावर डॉक्टर. मागच्या वळणावर बॉबिन." मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुझे गुडघे कुरकुरतात, मला इथपर्यंत ऐकू येतात. त्यांना शिकू दे. नाही जमलं, तर पुढच्या वर्षी आहेसच तू."

सगळे हसले, बॉबिनही हसला. घरी जाताना त्याच्या डोक्यात सरांचं शेवटचं वाक्यच तेवढं राहिलं होतं. नाही जमलं, तर.

शर्यतीला तीन आठवडे असताना डॉक्टरीण दुकानात आली. बॉबिन एका मशीनच्या पोटात तेल सोडत होता. तिनं मशीनशेजारी सरांचा सेट ठेवला. त्या कव्हरचा प्रत्येक टाका बॉबिनच्या हातचा होता. कोपऱ्यावर एक टाका तिरका पडला होता, तोही तसाच.

"दादा, याची मूळ बॅटरी आता मिळत नाही. सहा चार्जिंगचे सेल घालायची डबी आहे. सेलचं तुम्हालाच विचारावं म्हटलं." तिनं पिशवीतून दोन पाकिटं काढली. "दुकानदारानं दोन्ही दिलीत, नको ते परत घेईन म्हणाला."

सरांनीच पाठवली असणार, बॉबिनच्या मनात आलं. सेलच्या बाबतीत त्याचा हात धरणारं क्लबात कुणी नव्हतं. त्याचे स्वतःचे सेल सहा-सहाच्या गटानं असत. त्यांच्यावर तारखा लिहिलेल्या, एका गटातला सेल दुसऱ्यात कधी जायचा नाही, कारण एक रोडावला की उरलेल्या पाचांना घेऊन बसतो. कुणीही नवा सेट घेतला की बॉबिन त्याला हे सगळं ऐकवायचाच.

तिच्या हातातलं एक पाकीट पांढऱ्या सेलचं. त्यांच्यावर आकडा लहान, पण एकदा भरून ठेवले की सहा महिन्यांनी काढले तरी बहुतेक भरलेले. दुसरं सोनेरी वेष्टनाचं. आकडा दांडगा. आदल्या दिवशी भरून वापरले तर उत्तम, पण नुसते खणात पडले तरी आतल्या आत रिकामे होत जाणारे, गळक्या माठासारखे. बॉबिननं ते पूर्वी घेऊन पाहिले होते आणि फेकून दिले होते.

"यावर आकडा मोठा आहे," डॉक्टरीण सोनेरी पाकीट पुढे करत म्हणाली. "म्हणजे हे जास्त चालणार ना?"

"आकडा मोठा म्हणजे जास्त चालणारच," बॉबिन म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. एवढ्यावर तो थांबला असता, तरी पुढेमागे स्वतःची समजूत घालता आली असती. पण तिनं विचारलं, "मग भरू कधी? शर्यतीच्या आदल्या दिवशी?"

बॉबिननं तेलाची कुपी खाली ठेवली. हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"छे, ऐनवेळी धावपळ कशाला? आजच भरून ठेवा. डबीत घालून टाका आणि विसरून जा."

"बघा, हेच मला सुचलं नसतं," ती म्हणाली आणि आभार मानून गेली. जाताना पांढरं पाकीट दुकानदाराला परत करून गेली. बॉबिननं दारात उभं राहून ते पाहिलं.

तीन आठवडे तो रोज ठरवायचा की उद्या जाऊन सांगू. दवाखान्यासमोरून जायचा, काचेतून ती कुणाच्या तरी तोंडात आरसा धरून उभी दिसायची, आणि हा पुढे निघून जायचा. रविवारी सकाळी घरच्या मोठ्या रेडिओवरून सगळ्यांची हजेरी व्हायची. सर तिच्याशी तीन-तीन मिनिटं बोलत आणि याला "ठीक ना? बरं" म्हणून मोकळे होत. अशा प्रत्येक रविवारनंतर दोन दिवस तरी त्याला सांगावंसं वाटायचं नाही.

शर्यतीच्या सकाळी त्याला टेम्पोनं मागच्या वळणावर सोडलं. सोबत पाण्याचं टेबल सांभाळणाऱ्या दोन बायका होत्या. रस्ता वाहनांना बंद होता, टेम्पोही परत गेला. सुरुवातीला डोंगरावरून डॉक्टरिणीचा आवाज खणखणीत येत होता. पहिली तुकडी सुटली, पहिली तुकडी पुलावर आली, पहिली तुकडी वळणावर पोचली का? बॉबिन एका शब्दात उत्तरं देत होता. तिचं काम चोख चाललं होतं. ती घाई करत नव्हती आणि एकही आकडा चुकत नव्हती. बॉबिनचे कान त्यात खोट शोधून दमले.

नऊ वाजायच्या सुमारास तिचा आवाज तुटायला लागला. आधी वाक्याचं शेपूट जायचं, मग अर्धं वाक्य, मग नुसती कुरकुर आली आणि गेली.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यानं पाणीवाल्या बायकांना हसून विचारलं, चहा आणलाय का म्हणून. आता सर हाका मारत असतील, तिकडे चुळबूळ सुरू झाली असेल, कुणीतरी म्हणालं असेल की बॉबिन असताना असं कधी झालं नव्हतं. कुणाच्या तोंडून हे निघेल, तेसुद्धा त्यानं ठरवून टाकलं.

थर्मासचं झाकण उघडेपर्यंत वरच्या उतारावरून खडखड आवाज आला. माती घसरली, तिच्याबरोबर डोक्याएवढे धोंडे आले आणि वळणाच्या ऐन पोटात अर्धा रस्ता भरून गेला. पलीकडून उतारावरून येणाऱ्याला हे दिसणारच नव्हतं. पहिली तुकडी पुढे निघून गेली होती, दुसरी साडेनऊला सुटायची होती. दीडशे सायकली.

"डोंगर, डोंगर, वळणावरून बोलतोय," बॉबिननं बटण दाबून हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. सहा वेळा मारली. त्याचे स्वतःचे सेल काठोकाठ भरलेले होते आणि ऐकायला वर कुणी नव्हतं. ही कुणाची करणी होती, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

एका बाईला तिचीच लाल ओढणी हातात धरायला लावून त्यानं वरच्या अंगाला उभं केलं, दुसरीला दगड बाजूला करायला सांगितलं, आणि स्वतः पायवाटेनं डोंगर चढायला लागला. गुडघे पहिल्या शंभर पावलांतच बोलायला लागले. पुढं पुढं तो झुडपं धरून, हातापायांवर चढला. वर पोचला तेव्हा घड्याळात नऊ चोवीस झाले होते आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

डॉक्टरीण खडकावर बसली होती. रुमालावर सहा सोनेरी सेल मांडलेले. एकेक उचलून ती तळहातात चोळत होती, ऊब लागली तर थोडे तरी चालतील म्हणून.

"दादा! बरं झालं आलात. काय चुकलं तेच कळत नाही. तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी भरले, डबीत घातले. नंतर हातसुद्धा लावला नाही."

बॉबिननं आपल्या सेटची डबी उघडली आणि सहा पांढरे सेल तिच्या हातात ओतले. "वळणावर दरड," एवढंच त्याला म्हणता आलं. "तुकडी थांबवा."

तिची बोटं रोज बारीक कामाला सरावलेली. अर्ध्या मिनिटात सेल बसले. तिनं हाक मारली आणि सरांचा आवाज लगेच आला, घोगरा, बराच वेळ हाका मारून बसलेला. तिनं निरोप दिला. पलीकडे गडबड ऐकू आली, कुणीतरी शिट्टी फुंकली. मग सर म्हणाले, "थांबवली. सगळे थांबलेत. माणसं पाठवतो." बॉबिनचा जीव भांड्यात पडला आणि तो होता तिथेच खाली बसला.

"डॉक्टर, सेल गेले होते का?" सरांनी विचारलं.

"हो सर. चूक माझीच. दादांनी सगळं नीट सांगितलं होतं. मीच काहीतरी अर्धवट केलं असणार."

"असणारच," सर म्हणाले. "सेलच्या बाबतीत बॉबिन चुकायचा नाही. या क्लबात त्याच्यासारखा दुसरा नाही."

अख्ख्या क्लबासमोर हे ऐकायला बॉबिन किती महिने तळमळला होता. आणि आता काहीही करायची गरज नव्हती. त्याच्या सेटमध्ये एकही सेल नव्हता, बोलायचं म्हटलं तरी बोलता आलं नसतं. नुसतं बसून राहिलं की झालं.

त्यानं हात पुढे केला. "जरा द्या तो."

तिनं सेट दिला. बॉबिननं बटण दाबलं. "सर, बॉबिन बोलतोय. डॉक्टरांची चूक नाही. ते सेल टिकत नाहीत हे मला माहीत होतं. मी मुद्दाम घ्यायला लावले. तीन आठवडे आधी भरायलाही मीच सांगितलं. माझी जागा त्यांना दिलीत, म्हणून." बटण सोडायचं राहून गेलं होतं, ते त्यानं मग सोडलं.

सतरा माणसं हे ऐकत होती.

"कळलं," सर म्हणाले. "सेट डॉक्टरांकडे दे. रस्ता मोकळा झाला की मला त्यांच्याकडून कळायला हवं."

त्यानं सेट दिला. डॉक्टरीण रागावेल, ओरडेल, निदान तोंड फिरवेल, याची तो वाट बघत राहिला. तिनं सोनेरी सेल रुमालात गोळा केले आणि गाठ मारली.

"अर्धा तास मी इथे बसून म्हणत होते, आपल्याला हे जमायचं नाही, सोडून द्यावं," ती म्हणाली. "सरांकडे कधीही जा, तुमचंच ऐकायचं. बॉबिनचा हात असा, बॉबिनचा कान तसा. ऐकून ऐकून मला तुमचा इतका हेवा वाटायला लागला होता दादा, की शेवटी म्हटलं, उठावं आणि तुमच्याकडूनच शिकावं. म्हणून आले होते मी दुकानात. सरांनी नव्हतं पाठवलं."

बॉबिननं आपल्या सेटची रिकामी डबी बंद केली. सेट खरखरला, सरांनी डोंगराला हाक मारली, आणि ती उत्तर द्यायला वळली.