मशीनमागचा माणूस

माझ्या मुलीने ओसाकाच्या रस्त्यांवर काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या एका हॉलमध्ये लागलं, तेव्हा बटाटेवडे मीच तळून नेले होते. एका हाताने छत्री धरून सायकल चालवणाऱ्या आजी, पायरीवर बसून डबा खाणारा कारकून. चांगले होते फोटो. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, मी. शीतपेयांच्या मशीनमागून अर्धं तोंड बाहेर काढलेला.

झालं होतं ते असं. ओसाकाच्या सहलीत एका म्हाताऱ्या बाईंच्या दुकानात मला एक सुरी आवडली. मी निम्मी किंमत सांगितली. बाई हसून कमरेत वाकल्या. मीही वाकलो. असं तीनदा झाल्यावर मी हुकमी डाव टाकला. सुरी खाली ठेवली आणि तरातरा चालू लागलो. अमेरिकेत मी फरशांचं दुकान उभं केलं ते याच डावावर. दाराशी पोचायच्या आत मागून हाक येतेच. ओसाकात आली नाही. कोपऱ्यावरच्या मशीनमागून मी दहा मिनिटं डोकावत राहिलो. बाईंनी सुरी पुसली, जागेवर ठेवली आणि त्या झाडांना पाणी घालू लागल्या. शेवटी मी परत जाऊन त्यांच्याच किमतीला ती घेतली. हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. कार्टी समोरच्या फुटपाथवर कॅमेरा घेऊन उभी होती, हे मला काय ठाऊक?

आता अख्खं महाराष्ट्र मंडळ माझेच वडे खात माझ्यापुढे उभं होतं.

"काका, काकूंपासून लपलात का?" एका इंजिनियरने विचारलं.

मी मुलीला बाजूला घेतलं. "हा उतरव."

"बाबा, नो. इट्स माय बेस्ट वन."

"त्याच्या जागी दुसरे दोन मोठे करून देतो."

"नो."

तेवढ्यात एका अमेरिकन बाईंनी नेमका तोच फोटो विकत मागितला. मुलीने किंमत सांगितली. बाईंनी ती निम्मी केली. भिंत मोकळी होणार म्हणून खरं तर मी तो फुकट द्यायला हवा होता. पण माझं तोंड निम्म्या किमतीत? माझं डोकं फिरलं.

"नाही जमणार," मी इंग्रजीत म्हणालो.

बाई खांदे उडवून दाराकडे निघाल्या. मुलीने हाक मारायला तोंड उघडलं, तशी मी तिचं मनगट धरलं.

"गप. फडकं घे, टेबल पूस."

तिने पुसलं. मी चटणीच्या वाट्या सारख्या केल्या. थोड्या वेळाने दाराच्या काचेआडून अर्धं तोंड डोकावलं. मग बाई आत आल्या आणि पूर्ण किंमत देऊन फोटो घेऊन गेल्या.

सुटलो म्हणून मी वडा उचलला. वळून पाहतो तर मुलगी टेबलाखालच्या खोक्यातून तसाच दुसरा फोटो काढून खिळ्याला अडकवत होती.

"बाबा, अजून चार आहेत," ती म्हणाली, चक्क मराठीत. काही काम असलं की तिला मराठी येतं. "तुम्ही थांबाल ना?"

मी फोटोकडे पाहिलं. अजूनही डोकावतच होतो.

"किंमत वाढव," मी म्हणालो, आणि फडकं हातात घेतलं.