निळा दगड आणि बरणीतलं पाणी

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बायकोपुढे नाही, देवापुढे नाही. तुम्ही ओळखीचे नाही, पण वाचताय तर दोस्तच म्हणायचे — म्हणून तुम्हाला सांगतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण दगडाची नजर होती. बदनापूरच्या आसपास मी विहिरी खोदल्या. सुरुंग उडाला की खडकात कधी पोकळी निघते, आणि तिच्यात पांढरे, फिकट हिरवे चकाकणारे दगड. त्यांचे शौकीन लांबून येतात. दगड खरा का खोटा, हे मी हात लावायच्या आत सांगायचो. पाच गावांत माझा शब्द बराबर चालायचा. तो मी कुठं चालवला — तेच सांगायला बसलोय.

किसन माझा जोडीदार. पंधरा वर्षं एका दोरानं एकाच विहिरीत उतरलो. पुढं तो राजस्थानात तांब्याच्या खाणीवर मशीन चालवायला गेला आणि येताना एक दगड घेऊन आला. मुठीएवढा. निळा — असा निळा मी मोराच्या मानेवरच पाहिला होता — आणि कडेनं हिरवा, मखमलीसारखा. तांब्याच्या घागरीला ओल लागली की हिरवा कळंक चढतो ना, तसंच जमिनीतल्या तांब्याचं होतं, किसन सांगत होता. शिशाच्या खाणीत म्हणे केशरी, पिवळेसुद्धा निघतात. तो बोलत होता आणि मी नुसता बघत होतो. आतून जळत होतो.

त्याच दिवशी पुण्याचे एक साहेब आले होते, घरात कपाटं भरून दगड ठेवणारे. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर, पाचसहा माणसांसमोर, त्यांनी मी दाखवायला नेलेला दगड बाजूला सरकवला — रिकामी कपबशी सरकवावी तसा — आणि किसनचा उचलला. म्हणाले, माझ्यासोबत चला, वर्षातले सहा महिने खाणी फिरायच्या, असे दगड निवडायचे. किसनचं तोंड लेकराच्या तोंडासारखं उजळलं.

आणि मी म्हणालो, "साहेब, मोरचूद हाय ते."

मोरचूद म्हणजे आपण चुन्यात कालवून मोसंबीच्या झाडाला लावतो ते निळं औषध. त्या साली कोणीतरी पांढरे दगड मोरचुदात बुडवून विकले होते; सगळी गिऱ्हाइकं बिथरलेली. माझी पारखायची चूक झाली, असं समजू नका. दगड अस्सल आहे, हे मला पहिल्या नजरेत कळलं होतं.

किसन आधी हसला. त्याला मस्करी वाटली. मग म्हणाला, "पाणी आणा. मोरचूद आसंल तर पाणी निळं होईल." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आजकाल पक्का रंग देतात, पाण्यानं काय कळणार?" त्यांनी दगड खाली ठेवला, गाडीत बसले, गेले.

किसननं तो माझ्या हातात दिला. "राहू दे तुझ्याकडंच, रंग्या. कधी मन झालं तर टाक पाण्यात."

त्यानंतर किसननं कुठल्याच दगडाला हात लावला नाही. लोक त्याला 'मोरचूद' म्हणून हाक मारायचे. मी ऐकायचो. दोनदा हसलोसुद्धा. पुढं तो लेकीकडं परतूरला गेला.

इतकी वर्षं दगड ज्वारीच्या कोठीत पुरून होता. पाण्यात का टाकला नाही? काय होणार ते माहीत होतं, म्हणूनच.

यंदा पोळ्याला मी तो काढला. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला, वर पाणी ओतलं, खिडकीत ठेवला. महिना झाला. बायको विचारते, "दगडाला पाणी पाजून राह्यले का तुम्ही? मोड येणारेत का त्याला?" दगड तसाच निळा. पाणी निर्मळ.

परवा परतूरचा एक माणूस भेटला. किसनचे गुडघे गेलेत म्हणे, पण नजर शाबूत आहे. ते ऐकून मला फार दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

उद्या आधी टपरीवर जाणार. त्या दिवशीचे तिघं अजून तिथंच बसतात. त्यांना बरणी दाखवून सांगणार — खोटं मी बोललो होतो. मग परतूरची गाडी. किसन आत घेईल, दारातून हाकलेल — ते त्याचं तो बघेल.

बरणीचं झाकण घट्ट लावलंय. पाणी बदललेलं नाही. पहिल्या दिवशीचंच आहे.